मामाचं आमंत्रण

आमचे हे हायस्कुलात इंग्रजी शिकवतात. शिवाय घरी शिकवणी. पुढच्या खोलीत सतरंजीवर पोरं मांडी घालून बसतात आणि मी आत भाकरी थापता थापता सगळं ऐकते. सातवी शिकलेली बाई मी, पण ऐकून ऐकून मलाही ते कर्मणी प्रयोगाचं प्रकरण पाठ झालंय. 'द थीफ वॉज सिव्हिअरली बीटन.' चोराला जोरदार बदडलं गेलं. मग हे विचारणार, "सिव्हिअरली कुठं बसलं?" आणि पोरं कोकलणार, "वॉज आणि बीटनच्या मध्ये, सर!"

एकदा मी आतूनच विचारलं, "आणि बदडलं कोणी त्याला?"

पोरं खी खी हसली. हे म्हणाले, "ते सांगायची गरज नसते. पॅसिव्हची तीच तर सोय आहे."

सोय! ती सोय ह्यांनी घरातसुद्धा लावून घेतली होती. ह्यांच्या हातून कपबशी पडली की हे म्हणणार, "फोडली गेली वाटतं." दुधापाशी ह्यांना उभं केलं आणि दूध उतू गेलं, तर "उतू जाऊ दिलं गेलं." अहो, दिलं गेलं म्हणजे? दिलं कोणी? गॅसपाशी काय भूत उभं होतं? सासूबाई ओटीवरून हसायच्या. म्हणायच्या, "कुसा, त्याची ल्हानपणापासनं तीच खोड हाय. मार चुकवायला लय हुशार."

सासूबाईंचं नाव बायडाबाई. डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशनला तयार नाहीत, पण ओटीवर बसून हाताच्या बोटांनी चाचपून अख्खं सूप तांदूळ निवडतात. आम्ही सगळे मूळचे पेठकडचे. ह्यांचा पाडा एका डोंगरापलीकडं, माझं माहेर अलीकडं. हे शिकले, नोकरी लागली, नाशकात पेठ रोडला कॉलनीत घर झालं. माहेरी माझा थोरला भाऊ सहादू. आईबाप लवकर गेले, तेव्हा ह्यानंच मला वाढवलं, ह्यानंच माझं लग्न करून दिलं. दिवाळीनंतर दरसाल तो आणि यशोदावहिनी यष्टीच्या टपावर तांदळाचं पोतं टाकून यायचे. एक दिवस राहायचे, तेजलच्या हातावर काहीतरी ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी जायचे. तेजल म्हणजे आमची एकुलती एक लेक.

तिचं लग्न ठरलं त्या साली, दोन हजार दोनच्या उन्हाळ्यात. मुलगा राकेश, पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत. माणसं आपल्यातलीच, मूळ सुरगाण्याकडची, पण दोन पिढ्या नाशकात. गंगापूर रोडला बंगला, वडील बँकेत मोठे साहेब. विहीणबाई बोलताना मध्येच इंग्रजीत शिरायच्या आणि परत मराठीत यायच्या. वाईट नव्हत्या हो बिचाऱ्या. पण त्या आल्या की आमच्या ह्यांचं पाणी पाणी व्हायचं. वीस वर्षं 'कुसा' म्हणून हाक मारणारा माणूस मला त्यांच्यासमोर 'कुसुम' म्हणायला लागला. मी पहिल्यांदा वळूनच बघितलं नाही. म्हटलं, कुणाला बोलावतायत?

मग पत्रिका छापायची वेळ आली. मी म्हटलं, एका बाजूला मराठी छापा, एका बाजूला तुमचं इंग्रजी. तर म्हणे, नको, दोन्ही केलं की गावंढळ दिसतं. अख्खी पत्रिका इंग्रजीतून. आणि त्यातल्या एका ओळीसाठी हा माणूस तीन संध्याकाळी शिकवणी बंद ठेवून बसला होता. 'यू आर कॉर्डियली इन्व्हायटेड.' कॉर्डियली म्हणजे मनापासून. ते आधी घालायचं की मध्ये घालायचं की शेवटी. शेवटी घातलं तर कसं वाटेल, आणखी एक शब्द जोडला तर त्या दोघांतला कोणता पुढं. मला वाचून दाखवायचे, जसं काही मला कळणारच आहे.

"म्हणजे काय झालं त्याचं?" मी विचारलं.

"आपणांस मनापासून आमंत्रित केलं जात आहे."

"कोण करतंय?"

"ते खाली नाव आहे की. वाक्यात कशाला पाहिजे?"

"आमच्यात आमंत्रण करणारा माणूस दारात उभा राहतो," मी म्हटलं. "वाक्यात नाही, दारात." ह्यांनी चष्मा पुसायला घेतला. बोलणं संपवायचं असलं की हे चष्मा पुसतात.

पत्रिका छापून आल्या. पांढराशुभ्र जाड कागद, काळी बारीक अक्षरं. गणपती नाही, कलश नाही, काही नाही. आणि वरचा उजवा कोपरा तिरका कापलेला.

"अहो, हा कोपरा!"

"डिझाइन आहे. पुण्याकडं हल्ली असंच चालतं."

"आपल्याकडं कोपरा फाडलेलं पत्र कशाचं असतं, विसरलात का? तुमचे वडील गेले तेव्हा पोस्टकार्डाचे कोपरे तुम्हीच फाडत बसला होतात ना?"

"कुसुम, कोणत्या जमान्यात राहतेस तू? आणि गावाकडं कुठं पाठवायच्यात ह्या!"

"निदान हळदीकुंकवाची बोटं तरी लावू द्या."

"डाग दिसतात," म्हणाले, आणि गठ्ठा उचलून कपाटात ठेवला.

म्हटलं जाऊ दे, ज्यांना कळतं त्यांना वाटतील. मामाला काय कागद द्यायचाय? मामाचं आमंत्रण म्हणजे देवाच्या खालोखाल. नारळ घेऊन जायचं, उंबऱ्यात अक्षता हातावर ठेवायच्या आणि तोंडानं म्हणायचं, 'भाचीचं लगीन हाय, तुम्ही उभं राहायचं.' मांडवात नवरीला घेऊन येणार मामा, अंतरपाटाशी तिच्या पाठीशी उभा राहणार मामा. बाप एक वेळ मागं राहील, मामा नाही. आणि माझा दादा तर फाल्गुनापासून वाट बघत होता. स्थळ बघतोय एवढं त्याला कळलं होतं, ठरल्याचं माझ्या तोंडून ऐकायचं होतं.

मीच जाणार होते. पण त्याच आठवड्यात सासूबाई न्हाणीत घसरल्या. हाड मोडलं नाही, पण धरल्याशिवाय उठता येईना. हे म्हणाले, "तू थांब आईपाशी. मी रविवारी जाऊन येतो."

"नारळ?"

"वाटेत घेतो."

रविवारी सकाळी निघाले, दुपारी परत. एवढ्या लवकर कसे आले ह्याचा विचारसुद्धा माझ्या डोक्यात आला नाही, कारण गच्चीवर कुरडयांचा घाट घातलेला आणि वर ढग आलेले. मी वरूनच ओरडले, "झालं का हो दादाचं आमंत्रण?"

हे खालून म्हणाले, "पोहोचवलं गेलं."

कपबशीला मी ह्यांना धरायचे, दुधाला धरायचे, आणि इथंच नाही धरलं! ह्या एका ठिकाणी विचारायला हवं होतं, पोहोचवलं कोणी? मी म्हटलं, "वहिनी काय म्हणाली?" तर म्हणे, "म्हणायचंय काय त्यात," आणि न्हाणीत शिरले. मी कुरडया झाकायला लागले.

लग्नाला चार दिवस उरले होते. त्या दिवशी विहीणबाई आणि त्यांची बहीण तेजलसाठी घेतलेली येवल्याची पैठणी दाखवायला आल्या. ब्लाउजचं मापही घ्यायचं होतं. शेजारच्या भागीबाईंकडून चांगल्या खुर्च्या आणल्या, त्यांच्यावर चादरी टाकल्या. ह्यांनी सासूबाईंना आत बसा म्हणून सांगितलं, पण आत उकडतं म्हणून त्या ओटीवरच सूप घेऊन बसल्या. मी पोहे दिले. विहीणबाईंनी पैठणीचा पदर तेजलच्या खांद्यावर टाकला आणि म्हणाल्या, "लव्हली!" माझी पोर खरंच अशी दिसत होती की माझेच डोळे भरून आले.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी गळा काढला.

आमच्याकडं मयताच्या घरी बायका जातात तेव्हा दारात येऊन रडत नाहीत. गल्लीच्या कोपऱ्यापासून हेल काढत यायचं असतं, गेलेल्याचे गुण गात. त्याशिवाय आली म्हणत नाहीत. नाशकात असं आता फारसं ऐकू येत नाही. विहीणबाईंच्या हातातली बशी थांबली. मीही कान दिला, आणि ओटीकडं धावले. कारण आवाज यशोदावहिनीचा होता.

"माझ्ये मावशे गंऽऽ, कुठं गेलीस गंऽऽ... नातीचं लगीन बघाया थांबली नायस गंऽऽ..."

मी ओटीवर आले तोवर ते फाटकातून आत आले होते. पुढं दादा, उघड्या डोक्यानं. माझ्या दादाला मी टोपीशिवाय फक्त दोनदा पाहिलंय, आई गेली तेव्हा आणि बाप गेला तेव्हा. मागं वहिनी, डोक्यावर टोपली, तिच्यावर कापड. तिच्या मागं आमच्या पाड्यावरच्या दोन म्हाताऱ्या, कशाबशा एकमेकींना धरून. टोपलीत काय असणार हे मला बघायची गरज नव्हती. सुतक पडलं की त्या घरी चूल पेटत नाही, सोयरे भाकरी घेऊन येतात. नागलीच्या भाकरी आणि उडदाची आमटी, पहाटे उठून करून आणली असणार.

आणि जिच्यासाठी हे सगळं, ती ओटीवर बसून तांदूळ निवडत होती.

वहिनीचा हेल निम्म्यात तुटला. तोंड उघडं ते उघडंच. सासूबाईंनी मान वर केली, दिसत तर नाही, आवाजाच्या दिशेनं म्हणाल्या, "कोण गेलं गं? कुणाच्यात मयत झालं?"

दुसरी वेळ असती तर मी हसून हसून लोळले असते. पण मागून विहीणबाई दारात आल्या होत्या, त्यांच्या बहिणीनं तोंडावर रुमाल धरला होता. "ओ माय गॉड! काय झालं? कोण आहेत ही माणसं?"

विचारलं ह्यांना. हे चौकटीत उभे. मी ह्यांच्याकडं बघितलं, म्हटलं आता सांगतील, हे माझे मेहुणे, तेजलचे मामा, काहीतरी गोंधळ झालाय. दोन शब्दांचं काम होतं. दादाचं मळकं धोतर, उघडं डोकं, वहिनीचे भेगाळलेले पाय, त्या म्हाताऱ्या, सगळ्यांवरून ह्यांची नजर फिरली आणि चष्म्याला हात गेला.

"कोणी नाही," हे म्हणाले. "ह्यांना चुकीचं घर सांगितलं गेलंय बहुतेक."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना, ते मला त्या दिवशी कळलं. माझा नवरा हो हा! ज्याचे पाय लग्नाच्या मांडवात माझ्या दादानं स्वतःच्या हातानं धुतले होते!

दादानं ह्यांच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग आत, खुर्चीवर बसलेल्या तेजलकडं, तिच्या खांद्यावरच्या नव्या पैठणीकडं. माझा दादा शाळेत गेला नाही, पण त्याला सगळं समजायला तेवढी नजर पुरली.

"हां साहेब," तो म्हणाला. "घर चुकलं आमचं. पलीकडल्या गल्लीत जायाचं व्हतं. माफी करा."

तेजल उठली. "मा..." एवढंच तिच्या तोंडातून आलं, आणि हे म्हणाले, "तेजल, पदर खाली लागतोय." ती खाली बघत परत बसली. मी तोंड उघडलं तर दादानं माझ्याकडं बघून मान हलवली. अगदी जराशी. लहानपणी रानात साप दिसला की तो मला असंच गप्प करायचा. आणि मी गप्प झाले. माझ्यासारखी तोंडाळ बाई, जिनं ह्या कॉलनीत पाण्यावरून नगरसेवकाला घाम फोडलाय, ती गप्प झाली.

पण सासूबाई गप्प बसतील तर ना! "अरं, हा तर सहादूचा आवाज! सहादू, ये रं, वर ये. कोण गेलं? घाम पूस, पाणी पी."

दादा फाटकाकडं वळलेला, थांबला. म्हणाला, "नाय आजी. मी सहादू नाय."

वहिनीनं टोपली परत डोक्यावर घेतली. फाटक लावायलाही विसरले नाहीत. विहीणबाई म्हणाल्या, "बाई बाई, ऐन लग्नघरात असलं रडणं! मीठमोहऱ्या ओवाळून टाका हो, कुसुमताई." हे म्हणाले, "टाकल्या जातील." सासूबाई आपल्या बडबडत राहिल्या, सहादूच होता, मला काय त्याचा आवाज कळत नाही? आणि हे विहीणबाईंना सांगत होते की वय झालंय, आईला हल्ली भास होतात.

मी म्हटलं, चहा टाकते. स्वयंपाकघरात गेले, गॅस पेटवलाच नाही. देव्हाऱ्यापुढं अक्षतांची वाटी होती, त्यातल्या मूठभर पदराला बांधल्या आणि मागच्या दारानं सुटले ती थेट पेठ नाका. पायात चप्पल नाही हे मला डांबर भाजायला लागल्यावर कळलं.

ते तिथंच होते, यष्टीच्या थांब्याशी, कडुलिंबाखाली. म्हाताऱ्या बसलेल्या. वहिनी नाक्यावर कामाची वाट बघत बसलेल्या मजुरांना भाकरी वाटत होती. मयताच्या घरी म्हणून केलेली भाकर परत घरी नेत नाहीत, टाकूनही देत नाहीत. ते मजूर खुशीत खात होते, एक जण म्हणाला, "मावशे, आमटी लय भारी." वहिनीनं त्याला आणखी वाढली. माझ्याकडं तिनं बघितलं नाही.

"दादा," मी म्हटलं.

त्यानं बंडीच्या खिशातून ते कार्ड काढलं. घामानं मऊ झालेलं. "कंडक्टरनं फाट्यावरच्या दुकानात टाकलं. म्हणला, मास्तरनं दिलंय. आता सुट्टीत शाळेचा गुरुजी नाय, वाचणार कोण? कोपरा बघितला न् तुझी वहिनी रडाया लागली. बायडाबाई घसरून पडल्याचं कानावर आलंच व्हतं. म्हणलं, गेली म्हातारी."

"मला वाटलं हे स्वतः आले होते रे. रविवारी निघाले होते, मी आपली समजले..."

"नाक्यावर यष्टीला कागद देऊन माघारी फिरला आसंल. ऊन व्हतं त्या दिशी." हे तो रागानं म्हणाला असता तर मला बरं वाटलं असतं. "यष्टीत मी काय म्हणत व्हतो, ठावं हाय? म्हणलं, पोरीचं लगीन व्हईपर्यंत तरी म्हातारीनं कळ काढाय पायजे व्हती. आता सुतकात लगीन कसं व्हनार, कुसाला किती घोर लागला आसंल. सारी वाट आमी त्येच बोलत आलो."

मला इतकी लाज वाटली, इतकी लाज वाटली की मी तिथंच रस्त्यावर खाली बसले. ऊन, मजूर, रिक्षावाले, कुणाचं भान नाही. पदराची गाठ सोडली आणि ओंजळ पुढं केली. "दादा, तेजलचं लगीन हाय. तू उभं राहायचं." वीस वर्षं नाशकात राहून जी बोली जिभेवरून गेली होती ती आपोआप आली.

त्यानं अक्षतांकडं बघितलं, घेतल्या नाहीत. "आता कसा येऊ? त्या बाईनं माझं तोंड पुरतं बघितलंय. म्या तिच्यापुढं बोललो, मी सहादू नाय. मांडवात कोण म्हणून उभा राहू?"

"मी सांगते खरं. आत्ता जाते. बसल्यात त्या अजून. त्यांच्या तोंडावर सांगते, हा माझा भाऊ आणि हे खोटं बोलले."

"म्हंजी मास्तर खोटा. तू उभी व्हतीस, तू खोटी. पोर बसली व्हती, पोर बी खोटी. चार दिसांनी तिनं त्याच घरात नांदाया जायाचं." वहिनी पहिल्यांदा बोलली, मजुराच्या पानात आमटी ओतता ओतता. "वन्सं, पोरीनं सासरी पयल्या दिसापासनं मान खाली घालायची का?"

"मग काय करू मी?"

दादानं माझा हात धरून उठवला. "तेजलची शपथ घे. आज काय झालं त्ये सासरच्यास्नी सांगायचं नाय. कदी नाय."

"दादा!"

"घे म्हणतो ना."

घेतली मी. लेकीची शपथ घेतली, आणि घेताना कळत होतं की कुणाला वाचवायला घेतेय. ह्यांना नव्हे, तेजलला. पण वाचले हेच.

पेठची गाडी वळणावर दिसली. म्हाताऱ्या उठल्या. दादानं तेव्हा हात पुढं केला. "दे त्या अक्षता." मी त्याच्या हातावर ठेवल्या. त्यानं दोन्ही मुठी कपाळाला लावल्या, अक्षता उपरण्याच्या टोकाला बांधल्या, आणि डोकं उघडं होतं म्हणून खिशातली टोपी काढून घातली. मग म्हणाला, "झालं. तू आमंत्रण केलंस, म्या घेतलं. आता आलो नाय तर दोष माझा. कुणी तुला बोल लावाय नको."

गाडी गेली. मी परत आले तेव्हा पाहुण्या निघून गेल्या होत्या. तेजल न्हाणीत आतून कडी लावून रडत होती. दाराआडून म्हणाली, "आई, तू का नाही बोललीस?" मी म्हटलं, "तू का नाही बोललीस?"

ह्यांना मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. हे ऐकून घेत होते. नाक्यावर जे झालं ते सगळं सांगितलं, अक्षतांचंही. म्हटलं, बघा, ज्याला तुम्ही ओळख दिली नाही त्यानं तुमच्यासाठी काय केलं ते बघा. हे खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मोठ्या मनाचा आहे." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, खोटं कशाला सांगू. त्यांनाही लाज वाटली असणार. पण त्या लाजेनं ते उठून पेठच्या गाडीत बसले नाहीत. चारही दिवस गाड्या सुटत होत्या.

लग्नाच्या दिवशी कार्यालय भरलेलं. पुण्याचे साहेब आले, त्यांनी पत्रिकेचं कौतुक केलं. मंगलाष्टकांआधी माइकवरून पुकारा झाला, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं." मी वेड्यासारखी दरवाज्याकडं बघत राहिले. दुसऱ्यांदा पुकारा झाला. मग ह्यांच्या शाळेतले ड्रॉइंगचे सर पुढं झाले आणि तेजलला घेऊन आले. तिच्या पाठीशी ते उभे राहिले. तेजलनं एकदा मागं वळून बघितलं आणि मान फिरवली.

विहीणबाई माझ्या शेजारी होत्या. त्यांनी हळूच विचारलं, "हे सख्खे मामा?"

"नाही," मध्येच हे म्हणाले. "सख्खा मामा आहे, पेठकडं. हिनं स्वतः आमंत्रण केलं होतं. हातात अक्षता दिल्या, त्यानं घेतल्यासुद्धा. आला नाही."

मी ह्यांच्याकडं बघत राहिले. एक शब्द खोटा नव्हता त्यात.

"अक्षता घेऊन आला नाही?" विहीणबाई म्हणाल्या. "सख्ख्या भाचीच्या लग्नाला? कसला हो मामा हा!" त्यांची बहीण वळून बघायला लागली, पुढच्या रांगेतल्या दोन-चार बायकाही. अंतरपाट धरलेला, तेजल हातभर अंतरावर, तिला सगळं ऐकू जात होतं. विहीणबाईंनी माझ्या दंडाला हात लावला. "खरंच का हो कुसुमताई?"

माझ्या तोंडात माझ्याच लेकीची शपथ होती.

"हो," मी म्हणाले. "बोलावलं होतं मी. नाही आला."